सूक्ष्म प्रवाह व्हॉल्व्ह: सुटे भाग बाहेरून करून घेतानाच्या प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

खाद्यपदार्थांच्या पाकिटांत भरण्यासाठी नायट्रोजन आणि कार्बन डायऑक्साइड ठरावीक प्रमाणात मिसळून देणारी पॅनेले आम्ही ठाण्यात, वागळे इस्टेटमधील आमच्या गाळ्यात जुळवतो. त्यांत आजवर बाजारातून आणलेले नीडल व्हॉल्व्ह बसवत होतो. त्या व्हॉल्व्हचा नॉब पहिल्या अर्ध्या फेऱ्यातच बहुतेक सगळा प्रवाह सोडून देतो आणि पुढे कितीही फिरवला तरी फारसा फरक पडत नाही, ही ग्राहकांची जुनी तक्रार आहे. नव्या रचनेत पितळेच्या चौकोनी बॉडीला १२ मिलिमीटरचे बोअर (गोल भोक) आहे, त्यात स्टेनलेस स्टीलचा स्पूल (गोल दांडा) फिरतो आणि स्पूलच्या परिघावर एक खाच आहे, जिची खोली कोनानुसार वाढत जाते. नॉब जितका फिरवावा तितकाच प्रवाह वाढावा, हे सरळ प्रमाण त्या खाचेच्या खोलीतून येते. ही खोली कोनाच्या कोणत्या प्रमाणात वाढते ते या नोंदवहीत लिहायचे नाही, असे पहिल्याच बैठकीत ठरले.

पहिली खेप ६० व्हॉल्व्हची आहे. आमच्याकडे एक छोटी मिलिंग मशीन आणि तिला जोडलेला चौथा अक्ष आहे, पण सीएनसी लेथ नाही आणि ग्राइंडिंग मशीनही नाही. त्यामुळे बॉडी आणि स्पूल हे दोन्ही भाग बाहेरून करून घ्यावे लागणार आहेत. भाव परवडला पाहिजे आणि रचना बाहेर फुटता कामा नये, अशा दोन अटी आहेत. या दोन अटी एकमेकींच्या विरोधात जातात असे भागीदारांचे म्हणणे आहे, कारण गुप्तता पाळणारा कारखाना महागच असणार असे त्यांना वाटते. मला ते तितकेसे पटलेले नाही.

९ जानेवारी २०२५

कोटेशन मागवण्याआधी एक प्रश्न सोडवणे आवश्यक होते: या व्हॉल्व्हमध्ये गुपित नेमके कुठे आहे? संपूर्ण ड्रॉइंग गुप्त मानले तर प्रत्येक कारखान्याकडून करार, प्रत्येक फाइलवर पहारा आणि प्रत्येक नगाचा हिशेब, असा पसारा होतो आणि शेवटी त्यातले काहीच नीट पाळले जात नाही. बॉडी पाहून कुणाला काही कळणार नाही. तशा बॉडी जामनगरला हजारोंनी निघतात. बाहेरच्या दोन ओ-रिंगा आणि त्यांच्या खाचा कोणत्याही कॅटलॉगात सापडतील. नवे म्हणावे असे दोनच मुद्दे उरतात: खाचेच्या खोलीचा आलेख, आणि बोअर व स्पूल यांच्यातील फट.

फटीबद्दल थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण खर्चही तिथेच आहे. अरुंद वर्तुळाकार फटीतून होणारी गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट होते. मुंबई-ठाण्यातला कोणताही डिझायनर अशा जोडीसाठी सवयीने भोकासाठी एच७ आणि दांड्यासाठी जी६ ही मुभेची प्रमाण चिन्हे लिहील. १२ मिलिमीटर व्यासाला एच७ म्हणजे शून्य ते अधिक १८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) आणि जी६ म्हणजे उणे ६ ते उणे १७ मायक्रॉन. म्हणजे तयार जोडीतील फट ६ पासून ३५ मायक्रॉनपर्यंत कुठेही असू शकते. या दोन टोकांतील गळतीचा फरक जवळपास दोनशे पट आहे, आणि बारीक प्रवाहावर तो सहन होण्यासारखा नाही. आम्हाला फट ७ ते १३ मायक्रॉनच्या दरम्यान हवी आहे. ती सरळ ड्रॉइंगवर मागायची तर बोअरला आणि स्पूलला प्रत्येकी तीन-तीन मायक्रॉनची मुभा द्यावी लागेल, आणि असा भाव ऐकायलाही आमची तयारी नाही.

शिवाय, घट्ट टॉलरन्स (मापातील मुभा) बोलका असतो. ड्रॉइंगवर सगळीकडे साधी मापे आहेत आणि एकाच जागी मायक्रॉन लिहिलेले आहेत, हे पाहिल्यावर वीस वर्षे लेथवर काढलेल्या माणसाला भागाचे काम काय ते विचारावे लागत नाही.

१३ जानेवारी २०२५

बॉडीची दोन ड्रॉइंगे मुद्दाम शेजारी ठेवून भाव काढले. पहिले प्रोटोटाइपचे, ज्यात बहुतेक मापांवर अधिक-उणे ०.०२ आहे, दुसरे नव्याने काढलेले, ज्यात बोअर तेवढे १२ एच७ आहे आणि बाकी सर्व मापांना आयएसओ २७६८ चा मध्यम वर्ग लागू आहे. त्या वर्गात ६ ते ३० मिलिमीटरच्या मापाला अधिक-उणे ०.२ आणि ३० ते १२० च्या मापाला अधिक-उणे ०.३ इतकी मोकळीक मिळते. माल आम्ही द्यायचा आणि कारखान्याने फक्त मजुरी सांगायची, अशी विचारणा होती. महापे येथील एका व्हीएमसीवाल्याने (व्हीएमसी म्हणजे उभे सीएनसी मिलिंग मशीन) पहिल्या ड्रॉइंगला दर नगामागे ८७० रुपये आणि दुसऱ्याला ३४० रुपये सांगितले. सेटिंगचे, म्हणजे मशीनवर काम लावून घेण्याचे, ३,००० दोन्हीकडे वेगळे.

हा फरक केवळ टॉलरन्समुळे पडलेला नाही. नव्या ड्रॉइंगमध्ये ३२ मिलिमीटरच्या ओढीव चौकोनी बारचे बाहेरचे पृष्ठभाग तसेच ठेवले आहेत, आतल्या कोपऱ्यांची त्रिज्या नेहमीच्या एंडमिलला साजेशी केली आहे, आंधळ्या भोकांच्या तळाशी ड्रिलचे टोक चालेल असे लिहिले आहे आणि १/८ बीएसपी आट्यांची (पाइप जोडण्याची) दोन्ही तोंडे एकाच बाजूला आणली आहेत. त्यामुळे चार सेटिंगचे काम दोन सेटिंगांत बसते. कमी मागणारे ड्रॉइंग सांगतेही कमीच, हे भागीदारांना आज या आकड्यांमुळे पटले.

१६ जानेवारी २०२५

परदेशातील ऑनलाइन सेवांचा पर्याय तपासला आणि सोडून दिला. पाच-दहा नगांसाठी त्यांचे भाव खरोखर कमी असतात. पण कुरिअर, सीमाशुल्क आणि नाकारलेले नग परत पाठवण्याचा खर्च धरला की ६० नगांना ती बचत उरत नाही. करार मोडला तर दुसऱ्या देशात जाऊन दाद मागण्याची आमची ऐपतही नाही. देशातील ऑनलाइन मंचांवर फाइल टाकताच भाव मिळतो, परंतु भाग प्रत्यक्षात कोणाच्या मशीनवर होणार हे आपल्याला कळत नाही. बॉडीपुरते ते चालले असते.

२१ जानेवारी २०२५

फाइलींची साफसफाई. स्टेप फाइल, म्हणजे भागाचा थ्री-डी आकार कारखान्याला देण्याची फाइल, ही साधी मजकुराची फाइल असते आणि नोटपॅडमध्ये उघडते. तिच्या सुरुवातीच्या मथळ्यात फाइलचे मूळ नाव, तारीख व वेळ, लेखकाचे नाव, संस्थेचे नाव आणि कोणत्या सॉफ्टवेअरमधून ती काढली हे लिहिलेले असते. आमच्या बॉडीच्या फाइलमध्ये संस्थेच्या रकान्यात कंपनीचे पूर्ण नाव होते आणि मूळ नावात पॅनेलचा मॉडेल क्रमांक होता. तसा मथळा घेऊन फाइल बाहेर गेली असती तर ड्रॉइंगच्या चौकटीतून नाव खोडण्याला काही अर्थ राहिला नसता.

आता नियम असा केला आहे की बाहेर जाणारी प्रत्येक स्टेप फाइल एकाच भागाची असेल, जुळणीतून काढलेली नसेल आणि तिचा मथळा रिकामा असेल. शक्य तिथे स्टेप देण्याऐवजी मापे घातलेली पीडीएफच द्यायची. वळवलेल्या स्पूलला तर थ्री-डी फाइलची गरजच नाही. भागांना अर्थ नसलेले क्रमांक दिले आहेत, बॉडीला के-११ आणि स्पूलला आर-२७. चौकटीत वस्तूचे नाव, ग्राहकाचे नाव किंवा वापर यांपैकी काहीही नाही. फसवणुकीसाठी एखादे निरर्थक भोक किंवा पायरी घालावी अशीही सूचना आली होती. ती मी नाकारली, कारण निरर्थक भोकाचेही पैसे पडतात आणि ज्याच्याशी पुढे दहा वर्षे व्यवहार करायचा त्याला पहिल्याच ड्रॉइंगमध्ये चकवणे मला रुचत नाही.

२९ जानेवारी २०२५

तात्पुरत्या विनिर्देशासह (रचनेच्या प्राथमिक वर्णनासह) पेटंट अर्ज आज ऑनलाइन दाखल झाला. लघुउद्योगाचे सवलतीचे शुल्क १,६०० रुपये आहे. सवलतीसाठी उद्यम नोंदणी जोडून फॉर्म २८ भरावा लागतो. पूर्ण विनिर्देश बारा महिन्यांत दाखल केले नाही तर अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते.

अर्ज करावा की खाच गुपितच ठेवावी, यावर वकीलबाईंशी बरीच चर्चा झाली. पेटंट घेतले तर रचना जगासमोर प्रसिद्ध होते. उलट, व्हॉल्व्ह विकला की कोणीही तो उघडून खाच मोजू शकतो, आणि बाजारातून रीतसर विकत घेतलेली वस्तू उघडून अभ्यासणे ही गुपिताची चोरी ठरत नाही. व्यापारी गुपितांसाठी भारतात स्वतंत्र कायदा नाही. विधी आयोगाने मार्च २०२४ मधील २८९ व्या अहवालात तशी शिफारस केली आहे, पण आज आधार करार आणि विश्वासभंगाच्या सर्वसाधारण तत्त्वांचाच आहे. डिझाइन कायदा, २००० हा वस्तूच्या दृश्य रूपाला संरक्षण देतो, कार्याला नाही. त्यामुळे आमची खाच त्यात बसत नाही. म्हणून यंत्रणेसाठी पेटंटचा अर्ज, आणि खाच कोरण्याची व फट जुळवण्याची पद्धत मात्र घरात, अशी विभागणी केली. कोणत्याही कारखान्याला काहीही दाखवण्याआधी अर्जाची तारीख हातात असावी, यासाठी कोटेशनपलीकडची सर्व बोलणी आजपर्यंत थांबवली होती.

४ फेब्रुवारी २०२५

कारखाने पाहण्याचे काम. एका गाळ्यात मालकांनी स्वागत तर उत्तम केले, पण आपल्या कामाची सफाई दाखवण्यासाठी टेबलाच्या खणातून दुसऱ्या कंपनीचा भाग काढला आणि तो ज्या कागदात गुंडाळला होता तोही समोर पसरला. कागद म्हणजे त्या कंपनीचे ड्रॉइंगच होते, चौकटीतील नावासकट, मापांवर तेलाचे डाग पडलेले. बाकीचे बोलणे मी सौजन्याने पूर्ण केले.

रबाळ्याचे एक ग्राइंडिंगवाले काका याच्या नेमके उलट निघाले. त्यांच्याकडे मशीनजवळ कपाट आहे, प्रत्येक ग्राहकाचा कप्पा वेगळा आहे आणि काम संपले की ड्रॉइंग परत देण्याची पद्धत त्यांच्या वडिलांपासून चालत आली आहे. आमचे ड्रॉइंग त्यांनी चष्मा कपाळावर सरकवून पाहिले आणि विचारले, “साहेब, हा नग कशात फिरणार ते विचारत नाही, पण सेंटर ठेवणार आहात ना दोन्ही टोकांना?” हा प्रश्न ऐकून मला बरे वाटले. त्याचे कारण पुढच्या नोंदींत येईल.

१० फेब्रुवारी २०२५

गोपनीयतेचा करार तयार झाला. दोन पानांचा, मराठीत, ५०० रुपयांच्या मुद्रांकावर. वकीलबाईंनी मसुद्यातून एक कलम सरळ काढून टाकले: “पुढील पाच वर्षे असे व्हॉल्व्ह बनवणार नाही.” भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ नुसार कोणाच्या कायदेशीर धंद्याला आडकाठी घालणारा करार तेवढ्या मर्यादेत रद्दबातल असतो. अशी अट घातल्याने समोरचा बिथरतो आणि न्यायालयात तिचा उपयोगही होत नाही. त्याऐवजी आम्ही दिलेली माहिती दुसऱ्या कोणासाठी वापरायची नाही, एवढेच मागितले आहे.

प्रत्यक्षात सर्वांत महत्त्वाची ठरली ती बाहेर काम न देण्याची अट. ठाणे-बेलापूर पट्ट्यात एका गाळ्याने घेतलेले काम शेजारच्या दोन गाळ्यांतून फिरून येणे हा रोजचा व्यवहार आहे. त्यात लबाडी नसते, मशीन रिकामी नसते इतकेच. म्हणून आमच्या लेखी परवानगीशिवाय काम दुसरीकडे द्यायचे नाही, ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सॲपवर पुढे पाठवायचा नाही, काम संपल्यावर ड्रॉइंग परत करायचे आणि मशीनमधील प्रोग्राम पुसायचा, नाकारलेले नग भंगारात न घालता मोजून परत द्यायचे, असे स्पष्ट लिहिले आहे. भरपाईची रक्कम मोठी टाकून धाक दाखवण्यात अर्थ नाही, कारण कलम ७४ नुसार न्यायालय वाजवी भरपाईच देते आणि लिहिलेला आकडा ही तिची फक्त वरची मर्यादा असते.

ज्यांच्याशी बोलणे झाले त्यांतील काहींनी न वाचताच सही करण्याची तयारी दाखवली, एकाने “आमच्याकडे असले कागद चालत नाहीत” असे सांगून विषय संपवला. महाप्याच्या व्हीएमसीवाल्यांनी मात्र दोन्ही पाने वाचली आणि म्हणाले, “बर काढायचं काम आम्ही शेजारी देतो, मग त्याची परवानगी आत्ताच लिहून द्या.” ज्याने कराराचा आपल्या रोजच्या कामाशी ताळा लावून पाहिला तोच करार पाळेल, या विचाराने बॉडीचे काम त्यांना दिले. बर, म्हणजे कापताना कडेला उभी राहणारी धातूची धार, काढण्याची परवानगी अर्थातच दिली.

१७ फेब्रुवारी २०२५

पितळेचा बार मुंबईच्या गुलालवाडीतील धातूबाजारातून आणला, टेस्ट सर्टिफिकेटसह. भाव ६२० रुपये किलो. ६० मिलिमीटर लांबीच्या एका तुकड्याचे वजन साधारण ५२० ग्रॅम भरते, म्हणजे बॉडीमागे सुमारे ३२० रुपयांचा माल. पितळेच्या कामात कीस कोणाचा हे आधी ठरवून घेतले पाहिजे, कारण कीसालाही चांगला भाव असतो आणि मजुरी स्वस्त वाटते तिथे पुष्कळदा कीस कारखान्याकडे राहणार हे गृहीत धरलेले असते. आम्ही कीस परत मागितला. यात पैशाइतकाच हिशेबाचाही भाग आहे: गेलेला माल एका बाजूला आणि तयार नग, नाकारलेले नग व कीस यांचे वजन दुसऱ्या बाजूला ठेवले की एखादी बॉडी जादा निघाली असल्यास ती दिसते.

माल डिलिव्हरी चलनावर जॉबवर्कसाठी पाठवला. जीएसटी कायद्याच्या कलम १४३ नुसार तो एका वर्षाच्या आत परत यायला हवा. चलनावर वर्णन “पितळी चौकोनी तुकडे” एवढेच आहे, आणि ते खरेही आहे.

पैशाबाबतीत निम्मी रक्कम आगाऊ आणि उरलेली माल तपासून आठवड्याच्या आत, असे ठरले. कायद्याने लघुउद्योगाचे बिल लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेच लागते, पण छोट्या कारखानदाराला मोठ्या कंपन्यांच्या उधारीची जी धास्ती असते ती लक्षात घेता लवकर पैसे देणाऱ्याला भाव आणि मशीन दोन्ही मिळतात. स्पूलच्या टर्निंगला ११० चे ९५ रुपये केवळ या बोलीवर झाले.

२५ फेब्रुवारी २०२५

बॉडीचा पहिला नग तपासून मंजूर केला. तोंडावरील बर तेवढा नीट काढायला सांगितला.

५ मार्च २०२५

स्पूलचे टर्निंग वागळे इस्टेटमध्येच, दुसऱ्या रस्त्यावरील एका गाळ्यात झाले: ३०४ स्टेनलेस, व्यास १२.२५, म्हणजे ग्राइंडिंगसाठी पाव मिलिमीटर शिल्लक. त्या ड्रॉइंगवर खाच नाही आणि अंतिम व्यासही नाही.

नमुन्यादाखल काही स्पूल सेंटरलेस ग्राइंडिंगला एका जुन्या ओळखीच्या ठिकाणी दिले होते, कारण दर नगामागे तिथे निम्माच खर्च येतो. ते परत आले तेव्हा मायक्रोमीटर कोठेही लावला तरी व्यास एकसारखा येत होता, आणि तरीही ज्या बोअरमध्ये ते सहज फिरायला हवे होते त्यात अडकत होते. ६० अंशांच्या व्ही-ब्लॉकवर (व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्यावर) स्पूल ठेवून, वर डायल लावून तो बोटाने हळूहळू फिरवला तेव्हा काटा एका फेऱ्यात तीन वेळा वर गेला आणि तीन वेळा खाली आला. याला तीन-पाकळी विकृती म्हणतात. सेंटरलेसमध्ये नग केंद्रावर धरलेला नसतो, तो आपल्याच पृष्ठभागावर टेकून फिरतो, त्यामुळे विषम पाकळ्यांचा आकार तयार होऊ शकतो. दोन समोरासमोरच्या टोकांत मोजणाऱ्या मायक्रोमीटरला तो दिसत नाही; तिथे व्यास सगळीकडे सारखाच भरतो. ६० अंशांचा व्ही-ब्लॉक मात्र तीन पाकळ्या तिपटीने मोठ्या करून दाखवतो. कारखान्याने ड्रॉइंगवरचे माप पाळलेच होते, तेव्हा ते नग आम्ही पैसे देऊन घेतले आणि जिग बनवायच्या कामाला ठेवले.

रबाळ्याच्या काकांनी सेंटरबद्दल विचारले होते ते याचसाठी. दोन सेंटरांमध्ये धरून केलेल्या ग्राइंडिंगला गोलाई सेंटरच्या भोकांवरून मिळते, म्हणून ती भोके स्वच्छ आणि बरोबर ६० अंशांची असावी लागतात. सर्व स्पूल त्यांच्याकडे दिले, नगामागे ७० रुपये. ड्रॉइंगवर व्यास लिहिला आहे १२.००० अधिक-उणे ०.००४. काका हसून म्हणाले, “साहेब, एवढे मायक्रॉन विकणार कुणाला?” पण अधिक-उणे चार मायक्रॉन त्यांच्या मशीनला जड नाहीत.

१२ मार्च २०२५

धुळवडीसाठी महाप्याचे ऑपरेटर गावी निघाले आहेत. उरलेल्या बॉडी त्यानंतरच येतील.

२४ मार्च २०२५

सर्व बॉडी आणि स्पूल हाती आले. मोजमापाआधी ते रात्रभर मोजण्याच्या उपकरणांशेजारी एकाच टेबलावर ठेवले. मापाचे प्रमाण तापमान २० अंश आहे आणि सध्या गाळ्यात दुपारी ३५ च्या वर जाते. पितळ आणि स्टील यांचे प्रसरण वेगळे असल्याने, सेटिंग रिंग (मायक्रोमीटर जिच्यावर लावून घेतात ती) स्टीलची असताना १२ मिलिमीटरवरही १५ अंशांमागे सव्वा-दीड मायक्रॉनचा फरक पडतो. त्यासाठी सकाळी लवकर, मशीन सुरू होण्याआधी मोजले.

तीन टोकांच्या बोअर मायक्रोमीटरने मोजलेली बोअरे अधिक ५ ते अधिक १४ मायक्रॉनच्या दरम्यान आली. एकाच रीमरने (भोकाला अंतिम माप देणाऱ्या हत्याराने) केलेली बोअरे एच७ च्या पूर्ण पट्ट्यात विखुरत नाहीत, अशा गटाने येतात, आणि आमचा सगळा हिशेब त्यावरच उभा होता. स्पूल काकांनी उणे ४ ते अधिक ३ मध्ये राखले होते. मग प्रत्येक बोअर आणि स्पूल यांना तीन मायक्रॉनचा गट दिला, बॉडीच्या तळाशी मार्करने ठिपके केले आणि साधारण दहा मायक्रॉनच्या फरकाने जोड्या लावल्या. अशी निवडक जुळणी बेअरिंगच्या धंद्यात फार जुनी आहे. त्यात नवे काही नाही. आमच्या दृष्टीने तिची गंमत अशी की तीन मायक्रॉनची अचूकता कोणाकडूनही विकत न घेता ती जोडीत मिळते, आणि अंतिम फट कोणत्याही ड्रॉइंगवर लिहावी लागत नाही. बॉडीवाल्यांना १२ एच७ ठाऊक आहे, ग्राइंडिंगवाल्यांना १२.०००. दोन्ही कागद शेजारी ठेवले तरी हे भाग एकमेकांत सैल बसतील की घट्ट, हे त्यांवरून सांगता येत नाही.

काही टोकाच्या बोअरांना जोडी मिळाली नाही. स्पूल आधीच थोडे जास्त करून घेतले होते, तरीही त्या बॉडी पुढच्या खेपेपर्यंत बाजूला ठेवाव्या लागल्या.

३ एप्रिल २०२५

खाच कोरण्याचे काम आमच्या मिलिंग मशीनवर, दार लावून. मशीनच्या संगणकाला नेटची जोडणी नाही आणि प्रोग्राम पेनड्राइव्हवर भागीदारांच्या कपाटात राहतो. पद्धत म्हणून खाच आधी कोरून मग ग्राइंडिंग करणे अधिक सोयीचे, कारण ग्राइंडिंगमध्ये खाचेच्या कडेचा बर आपोआप निघतो. गुप्ततेसाठी आम्ही क्रम उलटा केला आणि बर काढण्याचे काम स्वतःवर ओढवून घेतले. ३०४ चा बर चिवट असतो. खाच जिथे उथळ होत शून्यावर येते तिथे तो केसाएवढा, पण नखाला जाणवेल असा उभा राहतो, आणि फाइल लावली तर कडेला गोलाई येऊन बारीक प्रवाह बिघडतो. बांबूच्या काडीचे टोक चपटे करून त्यावर बारीक डायमंड पेस्ट घ्यायची आणि काडी खाचेच्या दिशेने, आडवी न करता ओढायची, असे केल्यावर कड शाबूत राहते. नंतर पितळी स्लीव्हमध्ये रॉकेलसोबत थोडे लॅपिंग (घासून गुळगुळीत करणे) आणि स्वच्छ धुलाई. एका नगाला यात बराच वेळ जातो. दुसऱ्या खेपेआधी यावर काही उपाय शोधावा लागेल, कारण आत्ता सर्वांत महाग काम हेच आहे आणि तेच बाहेर देता येत नाही.

११ एप्रिल २०२५

जोड्या लावलेल्या व्हॉल्व्हची नायट्रोजनवर चाचणी झाली. बंद स्थितीतील गळती सर्वांत आमच्या मर्यादेच्या आत आहे आणि नॉबच्या कोनाशी प्रवाह सरळ रेषेत वाढतो. सुरुवातीच्या थोड्या अंशांत रेषा किंचित वाकते, ती नॉबच्या शून्याची जागा सरकवून सावरता आली.

खर्चाचा ताळा: बॉडीला माल ३२०, मजुरी ३४०, सेटिंगचा वाटा ५० आणि कीसाचे वजा सुमारे ८०, म्हणजे ६३० रुपये, स्पूलला माल, टर्निंग आणि ग्राइंडिंग मिळून १८१ रुपये. खाच, लॅपिंग आणि मोजमाप यांची घरची मजुरी यात धरलेली नाही, ती वेगळी मांडायची आहे. करार, मुद्रांक आणि अर्ज यांचा खर्च ६० नगांवर वाटला तरी एका बॉडीवर प्रोटोटाइपच्या ड्रॉइंगमुळे जे ५३० रुपये जादा गेले असते त्यांच्या जवळपासही तो जात नाही.

१६ एप्रिल २०२५

ड्रॉइंगे सर्व ठिकाणांहून परत आली. महाप्याहून चार नाकारलेल्या बॉडी आणि कीस मिळाला. वजनाचा मेळ करवतीच्या पात्यात गेलेला माल धरून बसला. नाकारलेल्या बॉडींचे बोअर कापून त्या कीसासोबत गुलालवाडीला दिल्या. दुसऱ्या खेपेची ऑर्डर २०० नगांची असेल आणि त्यासाठी त्याच कारखान्यांकडून नवे भाव मागवले आहेत. रीमर मात्र या वेळी आम्ही स्वतः विकत घेऊन देणार आहोत, म्हणजे बोअरांचा गट कुठे पडेल हे आधीच कळेल आणि ग्राइंडिंगचा व्यास त्यानुसार लिहिता येईल. पूर्ण विनिर्देशाची शेवटची तारीख २९ जानेवारी २०२६ अशी भिंतीवरच्या कालनिर्णयात डिसेंबरच्या पानावर ठळक लिहून ठेवली आहे, आणि वकीलबाईंना आकृत्या ऑक्टोबरअखेर द्यायच्या आहेत.